हवामान मॉडेलवर गटानं काम करताना गिटच्या ब्रँच कशा वापराव्यात

वेबसाइटच्या कोडमध्ये चूक झाली की पान उघडत नाही आणि लगेच कुणाच्या तरी लक्षात येतं. हवामान मॉडेलच्या कोडमध्ये चूक झाली तरी मॉडेल बहुधा चालत राहतं. पावसाचा नकाशा येतो, तो पटण्यासारखाही असतो, आणि त्याच्या भरवशावर प्रबंधाचं एक प्रकरण लिहून होतं. म्हणून कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या गिटच्या नेहमीच्या धड्यांत शिकवतात तेवढं इथं पुरत नाही. ब्रँच, म्हणजे कोडची वेगळी शाखा, काढणं आणि ती पुन्हा मर्ज करणं, म्हणजे मिसळणं, या गोष्टी दोन दिवसांत हाताला बसतात. खरा प्रश्न असतो तो हा: ही ब्रँच मुख्य कोडमध्ये गेली तर कुणाचे आकडे बदलतील, आणि ते बदलायला हवे होते का? याचं उत्तर कधीही देता यावं, यासाठीच पुढच्या सगळ्या पायऱ्या आहेत.

उदाहरणासाठी डब्ल्यूआरएफ हे मॉडेल घेतो. ते मुख्यतः फोरट्रानमध्ये लिहिलेलं आहे, अमेरिकेत बोल्डर इथल्या एनकार या संस्थेत त्याची देखभाल होते आणि गिटहबवर ते सर्वांना खुलं आहे. आपल्याकडे हवामान विभाग ते वापरतो. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेची दिल्लीसाठीची हवेच्या प्रदूषणाची पूर्वसूचना त्याच्याच रसायनशास्त्रासहित आवृत्तीवर, म्हणजे डब्ल्यूआरएफ-केमवर चालते. महाराष्ट्रातल्या वातावरणशास्त्राच्या विद्यार्थ्याला कधी ना कधी हा कोड उघडावा लागतोच. तुमचं मॉडेल समुद्राचं, भूजलाचं किंवा पिकांचं असलं तरी पद्धत हीच राहील.

आज्ञा इथं देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलवर त्या नेहमीप्रमाणे इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या.

कुठून फुटायचं ते आधी ठरवा

डब्ल्यूआरएफच्या मूळ रेपोत (कोड आणि त्याचा इतिहास यांच्या साठ्यात) तीन प्रकारच्या ब्रँच महत्त्वाच्या आहेत. ‘मास्टर’वर प्रसिद्ध झालेली आवृत्ती असते. ‘डेव्हलप’वर पुढच्या मोठ्या आवृत्तीची जमवाजमव चालते. ‘रिलीज’नं सुरू होणाऱ्या ब्रँचवर येऊ घातलेल्या आवृत्तीतल्या दुरुस्त्या जातात. नवी भौतिक योजना (ढग, पाऊस अशा प्रक्रिया मोजायची पद्धत) किंवा नवी सोय असेल तर ‘डेव्हलप’वरून फुटायचं, आधीपासूनच्या कोडमधली चूक दुरुस्त करायची असेल तर ‘रिलीज’वरून.

हा निर्णय पहिल्याच दिवशी घ्यावा. चुकीच्या जागेवरून काढलेली ब्रँच नंतर हलवता येते, पण तोवर तुम्ही केलेल्या तुलना दुसऱ्याच पायावर उभ्या असतात आणि त्या सगळ्या पुन्हा कराव्या लागतात. संगणकावरचा वेळ मागून घ्यावा लागतो अशा ठिकाणी हे फार महागात पडतं.

प्रबंधासाठी काम करणाऱ्यानं आणखी एक विचार करावा. तुमचा बदल मूळ मॉडेलमध्ये जावा असं वाटत असेल तर ‘डेव्हलप’ योग्य. तीन वर्षं एकाच स्थिर आवृत्तीवर प्रयोग करायचे असतील, तर प्रसिद्ध आवृत्तीच्या टॅगवरून, म्हणजे तिला दिलेल्या कायम नावावरून, फुटा आणि तिथंच राहा. दर महिन्याला नवा कोड ओढून घेत प्रयोगांची मालिका चालवली, तर शेवटी कोणता फरक तुमच्या कल्पनेमुळे पडला आणि कोणता इतरांच्या बदलांमुळे, हे सांगता येत नाही.

गटाचा एकच फोर्क

प्रयोगशाळेतल्या प्रत्येकानं आपापला फोर्क, म्हणजे मूळ रेपोची गिटहबवरची स्वतंत्र प्रत, काढून त्यात एकट्यानं काम करणं ही सर्रास दिसणारी पद्धत आहे. पाच जणांच्या गटात पाच फोर्क होतात आणि कुणाच्या फोर्कमध्ये कोणती दुरुस्ती आहे हे कुणालाच ठाऊक नसतं. त्यापेक्षा गटाच्या नावानं एक फोर्क ठेवावा आणि सगळ्यांच्या ब्रँच त्यातच असाव्यात.

गिट क्लोन --रिकर्स-सबमॉड्यूल्स गटाच्या-फोर्कचा-पत्ता
गिट रिमोट ॲड अपस्ट्रीम मूळ-रेपोचा-पत्ता
गिट फेच अपस्ट्रीम --टॅग्ज

पहिल्या आज्ञेतला सबमॉड्यूल्सचा पर्याय विसरू नका. नोआ-एमपी हे जमिनीचं मॉडेल डब्ल्यूआरएफमध्ये वेगळ्या रेपोतून सबमॉड्यूल म्हणून येतं. हा पर्याय दिला नाही तर त्याचं फोल्डर रिकामं राहतं आणि कंपाइल करताना जी चूक दिसते, तिच्यावरून मूळ कारण चटकन सुचत नाही.

आता ‘ओरिजिन’ म्हणजे गटाचा फोर्क आणि ‘अपस्ट्रीम’ म्हणजे मूळ मॉडेल. फोर्कमध्ये गटाची अशी एक मुख्य ब्रँच ठेवा आणि गिटहबच्या सेटिंगमध्ये ती संरक्षित करा, म्हणजे पुल रिक्वेस्टशिवाय (बदल तपासून आत घेण्याच्या विनंतीशिवाय) तिच्यावर कुणालाच काही ढकलता येणार नाही. हा नियम गटप्रमुखांनाही लागू असावा.

ब्रँच काढणं

गिट स्विच --नो-ट्रॅक --क्रिएट थॉम्पसन-हिमकण-वेग अपस्ट्रीम/डेव्हलप
गिट पुश --सेट-अपस्ट्रीम ओरिजिन थॉम्पसन-हिमकण-वेग

‘स्विच’ ही आज्ञा गिटच्या २.२३ आवृत्तीत, २०१९ साली आली. महासंगणकांवर गिट बरंच जुनं असू शकतं, तिथं ‘चेकआउट’ वापरावं लागेल. ‘नो-ट्रॅक’ दिलं नाही तर नवी ब्रँच थेट मूळ मॉडेलच्या ‘डेव्हलप’शी जोडली जाते आणि पुढे नुसतं ‘गिट पुल’ म्हटलं की इतरांचे बदल नकळत आत येतात. प्रयोग अर्ध्यावर असताना हे नको.

नावात योजना (इथं ढगांसाठीची थॉम्पसन योजना) आणि बदल दोन्ही दिसावेत. माणसाचं नाव आणि तारीख गिट स्वतःच नोंदवतं. ‘नवीन-टेस्ट-२’ या नावावरून मात्र सहा महिन्यांनी काहीही कळत नाही.

एका ब्रँचमध्ये एकच वैज्ञानिक प्रश्न ठेवा. हिमकणांचा पडण्याचा वेग बदलायचा असेल तर तेवढंच. वाटेत दिसलेली वेगळी चूक वेगळ्या ब्रँचवर. दोन बदल एका ब्रँचमध्ये गुंफले आणि घाटमाथ्यावरचा पाऊस दहा टक्क्यांनी वाढला, तर त्याचं श्रेय कशाला द्यायचं?

नवी गोष्ट नेमलिस्टमधल्या (मॉडेलच्या सेटिंगच्या फाइलीतल्या) पर्यायामागे ठेवा आणि तो पर्याय आपोआप चालू होणार नाही असं पाहा. डब्ल्यूआरएफमध्ये असा पर्याय ‘रजिस्ट्री’ फोल्डरमधल्या फाइलीत नोंदवला जातो. पर्याय बंद असताना आकडे जुन्या कोडइतकेच, शेवटच्या बिटपर्यंत तेच यायला हवेत. ब्रँच मर्ज होण्याची सगळ्यात मोठी पात्रता मी हीच मानतो.

दोन कोड शेजारी-शेजारी: वर्कट्री

एकाच फोल्डरमध्ये ब्रँच बदलत राहिलात तर आधीच्या ब्रँचच्या ऑब्जेक्ट फाइली आणि मॉड्यूल फाइली तिथंच पडून राहतात. गिट त्यांच्याकडे पाहत नाही. त्यात रजिस्ट्रीतली एखादी ओळ बदलली की डब्ल्यूआरएफ बराच कोड स्वतः तयार करतं, म्हणून ‘क्लीन’ स्क्रिप्ट ‘ए’ पर्यायासह चालवून सगळं मुळापासून कंपाइल करावं लागतं. हे टाळलं तर अर्धा कोड एका ब्रँचचा आणि अर्धा दुसऱ्या ब्रँचचा अशी एक्झिक्युटेबल तयार होऊ शकते. ती चालते, हीच भीती.

यावर ‘वर्कट्री’ हा उत्तम उपाय आहे. रेपो एकच, फोल्डर दोन:

गिट मर्ज-बेस हेड अपस्ट्रीम/डेव्हलप
गिट वर्कट्री ॲड --डिटॅच ../डब्ल्यूआरएफ-पाया मिळालेला-हॅश

पहिली आज्ञा तुमची ब्रँच ‘डेव्हलप’पासून जिथं फुटली त्या कमिटचा (नोंदवलेल्या बदलाचा) हॅश, म्हणजे तिचा ओळख-क्रमांक, देते. तुलनेचा पाया तोच असायला हवा. आजच्या ‘डेव्हलप’शी तुलना केली तर दरम्यान इतरांनी केलेले बदलही तुमच्या नावावर जमा होतात. नव्या फोल्डरमध्ये गेल्यावर सबमॉड्यूल पुन्हा भरून घ्या:

गिट सबमॉड्यूल अपडेट --इनिट --रिकर्सिव्ह

दोन्ही फोल्डरमध्ये कंपायलर तोच, त्याची आवृत्ती तीच, ‘कन्फिगर’ला दिलेलं उत्तरही तेच. इथं जरा फरक पडला तरी पुढची कोणतीही तुलना ग्राह्य धरता येत नाही.

कमिट: आकडे बदलणारे आणि न बदलणारे वेगळे

सॉफ्टवेअरच्या पुस्तकांत कमिट लहान ठेवा असं सांगतात. मॉडेलवर काम करणाऱ्यांसाठी मी त्यात एक भर घालेन: प्रत्येक कमिट दोनपैकी एकाच गटात बसावी. एक, आकडे अजिबात न बदलणारी: सबरुटीन हलवणं, चलाचं नाव सुधारणं, टिप्पणी लिहिणं. दोन, आकडे मुद्दाम बदलणारी: सूत्र, स्थिरांक, गणनेचा क्रम. संदेशाच्या पहिल्याच ओळीत हे लिहा. ‘निकाल बदलत नाहीत’ किंवा ‘निकाल बदलतात: एमपी_फिजिक्स ८ निवडलं असेल तरच’ (८ म्हणजे थॉम्पसन योजना), इतकं पुरे.

याचा फायदा तपासणाऱ्याला होतो. पंधराशे ओळींची पुनर्रचना आणि त्यात लपलेला एका स्थिरांकाचा बदल एकाच कमिटमध्ये आले, तर माणसाचा डोळा तो स्थिरांक हमखास चुकवतो. वेगळे असले तर पहिल्या कमिटवर बिटांची तुलना करून मोकळं होता येतं आणि सगळं लक्ष दुसऱ्या कमिटमधल्या तीन ओळींना देता येतं.

संपादकानं आपोआप बदललेली ओळींची सुरुवातीची जागा कमिट करू नका. जुन्या फोरट्रान फाइलीत अशा एका बदलानं दहा-पंधरा वर्षांचा इतिहास ‘ब्लेम’मध्ये (कोणती ओळ कुणी बदलली ते दाखवणाऱ्या आज्ञेत) तुमच्या नावाखाली जातो आणि तो स्थिरांक कुणी, कशासाठी घातला हे शोधणं अवघड होतं. मॉडेलनं तयार केलेल्या नेटसीडीएफ फाइलीही रेपोत नकोत. १०० एमबीच्या वरची फाइल गिटहब स्वीकारतच नाही. प्रयोगांच्या नेमलिस्ट फाइलींसाठी वेगळा छोटा रेपो ठेवावा.

मर्जच्या आधीची परीक्षा

१९६१ साली एडवर्ड लॉरेंझ यांनी आपल्या हवामान मॉडेलमध्ये ०.५०६१२७ ऐवजी छापील कागदावरचा ०.५०६ हा आकडा भरला आणि काही काळानं हवामान पूर्णपणे वेगळं झालं. ही गोष्ट आपण सगळेच शिकतो, पण कोड तपासताना ती विसरतो. शेवटच्या बिटातला फरकही वाढत जातो. म्हणून ‘दोन्ही नकाशे सारखेच दिसतात’ हा पुरावा नव्हे आणि ‘थोडे वेगळे दिसतात’ हा आरोपही नव्हे. डोळ्यांना विचारण्याआधी बिटांना विचारावं.

डब्ल्यूआरएफबरोबरच ‘डिफडब्ल्यूआरएफ’ नावाचं छोटं साधन कंपाइल होतं. ते ‘एक्स्टर्नल’ फोल्डरमधल्या ‘आयओ_नेटसीडीएफ’मध्ये सापडेल. दोन आउटपुट फाइली दिल्या की ज्या चलांत फरक आहे ती चलं आणि किती अंक जुळतात हे ते सांगतं. फरकच नसेल तर चलांची एकही ओळ येत नाही. या साधनानं चार तुलना करा.

पहिली: पाया आणि तुमची ब्रँच, नवा पर्याय बंद ठेवून. फरक शून्य हवा. इथं फरक दिसला तर पुढे जाऊ नका. ‘कन्फिगर’ला स्मॉल डी देऊन ऑप्टिमायझेशनशिवाय पुन्हा कंपाइल करा. तसं केल्यावर फरक नाहीसा झाला तर कंपायलरनं गणनेचा क्रम बदललेला असण्याची शक्यता मोठी. फरक राहिलाच तर तो तुमच्या कोडमधला.

दुसरी: तुमचीच ब्रँच, पर्याय चालू ठेवून, एकदा एका प्रोसेसरवर आणि एकदा अनेकांवर. एमपीआयवर, म्हणजे अनेक प्रोसेसरांवर एकत्र, चालताना मॉडेल क्षेत्राचे तुकडे करतं आणि शेजारच्या तुकड्याच्या कडेची माहिती ‘हेलो’ म्हणून देवाणघेवाण होते. नव्या चलाला शेजारच्या बिंदूची किंमत लागत असेल आणि रजिस्ट्रीत त्याची हेलोची नोंद राहून गेली असेल, तर एका प्रोसेसरवर सगळं ठीक दिसतं आणि चौसष्टांवर तुकड्यांच्या कडांशी चुकीचे आकडे येतात. ही चूक नकाशात सहसा दिसत नाही, या तुलनेत मात्र लगेच सापडते.

तिसरी: सलग बारा तास चालवलेलं मॉडेल, आणि सहा तास चालवून, थांबवून, रीस्टार्ट फाइलीवरून पुढचे सहा तास चालवलेलं मॉडेल. शेवट तोच यायला हवा. रजिस्ट्रीत प्रत्येक चलापुढे ते कोणत्या फाइलींत लिहायचं याची अक्षरं असतात. रीस्टार्टचं ‘आर’ राहिलं तर मॉडेल पुन्हा सुरू होताना ते चल हरवतं. संबंध मोसमाच्या लांब प्रयोगात रीस्टार्ट अनेकदा होतं, आणि प्रत्येक वेळी ही चूक नव्यानं आत येते.

चौथी: कॅपिटल डी देऊन कंपाइल केलेली एक छोटी धाव. त्यात ॲरेच्या मर्यादेबाहेर वाचणं, किंमत न भरलेली चलं अशा गोष्टी पकडल्या जातात. ती फार हळू चालते, म्हणून क्षेत्र लहान आणि काळ थोडा ठेवा.

हे चारही प्रयोग मोठ्या घटनेवर करायची गरज नाही. ‘ईएम_क्वार्टर_एसएस’सारखा आदर्श मेघगर्जनेचा प्रयोग किंवा लहानसं खरं क्षेत्र पुरतं. वैज्ञानिक परीक्षा त्यानंतरची. मुंबईचा २६ जुलै २००५ चा पाऊस आपल्याकडे चाचणीसाठी आवडीनं घेतला जातो: सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर आणि त्याच शहरात कुलाब्याला शंभरच्याही आत. घटना तीव्र आहे, जागेनुसार फरक प्रचंड आहे, त्यामुळे योजना कुठं कमी पडते ते त्यात छान दिसतं. पण एका घटनेत पाऊस निरीक्षणाजवळ गेला म्हणून ब्रँच मर्ज करू नका. घाट, मराठवाडा, विदर्भ अशा वेगवेगळ्या ठिकाणच्या, आणि पाऊस न पडलेल्याही काही दिवसांचा ठरलेला संच गटाकडे असावा. प्रत्येक ब्रँच त्याच संचावर तोलावी.

इतरांचे बदल आत घेणं

रीबेस (आपल्या कमिट इतरांच्या ताज्या कोडवर नव्यानं रचणं) की मर्ज, हा वाद गिट वापरणाऱ्यांत कायम चालतो. आपल्या कामासाठी उत्तर सोपं आहे. तुमच्या ब्रँचच्या एखाद्या कमिटवरून कुणीही, अगदी तुम्ही स्वतःही, जपून ठेवायचा प्रयोग चालवला असेल तर रीबेस करू नका. रीबेसनं सगळे हॅश बदलतात, आणि प्रयोगाच्या नोंदीतला जुना हॅश कोणत्याच ब्रँचवर उरत नाही. तसा प्रयोग झालेला नसेल आणि ब्रँचवर तुम्ही एकटेच असाल तर खुशाल रीबेस करा. नंतर ढकलताना ‘--फोर्स-विथ-लीज’ वापरा.

गिट फेच अपस्ट्रीम
गिट मर्ज अपस्ट्रीम/डेव्हलप

कॉन्फ्लिक्ट, म्हणजे एकाच जागी दोघांनी केलेले वेगवेगळे बदल, बहुतेक ठरलेल्या जागी येतात: रजिस्ट्री, भौतिक योजनांच्या ड्रायव्हर फाइली आणि त्यांतल्या लांबलचक आर्ग्युमेंटच्या याद्या. ‘मर्ज.कॉन्फ्लिक्टस्टाइल’ या सेटिंगला ‘डिफ३’ दिलंत तर दोन्ही बाजूंबरोबर मूळ ओळही दिसते, आणि कुणी काय घातलं ते लगेच उमगतं.

गिटनं तक्रार न करता मर्ज करून दिलेलं प्रकरण मला कॉन्फ्लिक्टपेक्षा जास्त काळजीचं वाटतं. डब्ल्यूआरएफमध्ये प्रत्येक योजनेला क्रमांक असतो. सूक्ष्म मेघभौतिकीत थॉम्पसन ८, मॉरिसन १०. समजा तुम्ही आणि दुसऱ्या कुणी आपापल्या ब्रँचवर नव्या योजनेसाठी एकच मोकळा क्रमांक घेतलात आणि नोंदी फाइलीत दूरदूर केल्यात. गिटला त्यात काहीच खटकत नाही, कारण ओळी वेगळ्या आहेत. तसंच, कुणी एखाद्या चलाचं एकक मिलिमीटरवरून मीटरवर नेलं आणि तुमची ब्रँच अजून मिलिमीटर धरून चालली असेल, तरी मर्ज सुरळीत होईल. म्हणून मर्जनंतर नवा मर्ज-बेस काढायचा, पायाची वर्कट्री त्यावर न्यायची आणि वरच्या चारही तुलना पुन्हा करायच्या.

पुल रिक्वेस्ट

डब्ल्यूआरएफला पुल रिक्वेस्ट पाठवताना एक ठरावीक नमुना भरावा लागतो: बदलाचा प्रकार, शोधशब्द, बदल कुणाकडून आला, वर्णन, बदललेल्या फाइली, केलेल्या चाचण्या. हाच नमुना गटाच्या फोर्कमध्येही लावा. ‘चाचण्या’खाली ‘केल्या, ठीक आहेत’ असं न लिहिता कंपायलर, प्रोसेसरांची संख्या आणि डिफडब्ल्यूआरएफचा निकाल लिहा.

तपासायला शक्यतो दोघं असावेत. एक जण योजनेचं विज्ञान जाणणारा, जो सूत्र मूळ शोधनिबंधाशी ताडून पाहील. दुसरा कोड जाणणारा, जो हेलो, रीस्टार्ट, एककं पाहील. एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यानं प्राध्यापकांच्या कोडवर शंका काढायला कचरू नये. सरांनीही पहिल्या पुल रिक्वेस्टलाच तसं सांगून टाकावं. लेखी प्रश्न विचारणं समोरासमोरच्या चर्चेपेक्षा सोपं जातं, आणि उत्तर पुढच्या बॅचसाठी राहतं.

आकडे कधी बिघडले ते शोधणं

मार्चमध्ये ठीक असलेला प्रयोग सप्टेंबरात वेगळा निकाल देतो. इतिहास वरच्याप्रमाणे राखला असेल तर ‘बायसेक्ट’ नेमकी कमिट काढून देतं. चांगली आणि वाईट कमिट सांगायची, मधली गिट निवडतं. हजार कमिट असल्या तरी साधारण दहा पायऱ्यांत शोध संपतो.

गिट बायसेक्ट स्टार्ट वाईट-हॅश चांगला-हॅश
गिट बायसेक्ट रन ./तपास.एसएच

तपासाच्या स्क्रिप्टमध्ये आधी पूर्ण क्लीन, मग कंपाइल, मग छोटी धाव, मग तुलना. आकडे जुळले तर ०, न जुळले तर १, आणि कंपाइलच झालं नाही तर १२५ परत द्या. १२५ म्हणजे ही कमिट वगळा. रात्री लावून ठेवलं की सकाळी उत्तर मिळतं. मुद्दाम आकडे बदललेल्या कमिटही यात ‘वाईट’ ठरतात, त्यामुळे शोध अशाच एखादीवर थांबू शकतो. संदेशाच्या पहिल्या ओळीत निकाल बदलल्याचं लिहिलेलं असेल तर ती लगेच ओळखू येते आणि शोध तिच्या पुढून पुन्हा लावता येतो.

प्रत्येक धावेची ओळख

जॉब स्क्रिप्टमध्ये मॉडेल सुरू होण्याआधी ही ओळ घाला आणि तिचं उत्तर आउटपुटच्या फोल्डरमध्ये लिहून ठेवा:

गिट डिस्क्राइब --ऑलवेज --टॅग्ज --डर्टी

उत्तराच्या शेवटी ‘डर्टी’ आलं तर कमिट न केलेला बदल फोल्डरमध्ये आहे. अशा धावेचा निकाल शोधनिबंधात घेऊ नका. कमिट करा, कंपाइल करा आणि पुन्हा चालवा. ही आज्ञा स्रोत-फोल्डर पाहते, एक्झिक्युटेबल नाही. म्हणून कंपाइल होतानाही तेच उत्तर एका फाइलीत लिहून ठेवावं आणि दोन्ही जुळतात का ते जॉबनंच तपासावं.

निबंध पाठवताना त्या कमिटवर टॅग लावा, ‘गिट टॅग --ॲनोटेट’नं, आणि संदेशात निबंधाचं शीर्षक द्या. टॅगही वेगळा ढकलावा लागतो. नुसत्या ‘गिट पुश’नं तो जात नाही. गिटहबवर त्या टॅगची रिलीज काढली आणि रेपो सर्नच्या झेनोडो या संग्रहाशी जोडलेला असला, की कोडच्या त्या प्रतीला डीओआय, म्हणजे कायमचा ओळख-क्रमांक, मिळतो. ‘जिओसायंटिफिक मॉडेल डेव्हलपमेंट’सारखी नियतकालिकं नुसता गिटहबचा पत्ता पुरेसा मानत नाहीत, त्यांना कायम राहणारी प्रतच हवी असते.

टॅग ढकलला आणि ब्रँच मर्ज झाली की ती मिटवून टाका. कमिट टॅगमुळे सुरक्षित राहतात, आणि नव्यानं गटात आलेल्या मुलीला यादीत फक्त चालू कामं दिसतात.